मार्कस ऑरेलियस व त्याची ऋणवही

केलेला उपकार विसरूं नये, हें आपणां सर्वांस लहानपणापासून सांगण्यांत येतें. बक्षीससमारंभाच्या दिवशीं पाहुण्यांस हार कसा घालावा, व्यासपीठावर उभे राहून आभार कसे मानावे, हेंहि आपण शाळेंत शिकतों. परंतु समारंभाचा दिवस वर्षांतून एकदां येतो. बाकीच्या दिवसांचें काय? सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत आपण ज्यांच्या श्रमांवर, ज्यांच्या शिकवणीवर व ज्यांच्या सहनशीलतेवर जगतों, त्यांची आठवण आपणांस किती वेळां होते? हा प्रश्न मनांत आला म्हणजे आम्हांस एका पुरुषाचें चरित्र हटकून आठवतें. ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेल्या रोमन साम्राज्याचा तो बादशहा होता. ज्याच्यापुढें सर्वांनीं हात जोडून उभें राहावें अशा या मनुष्यानें, आपल्यावर कोणाकोणाचे उपकार झाले आहेत याची एक यादी लढायांच्या धामधुमींत लिहून ठेविली. त्याचें नांव मार्कस ऑरेलियस. त्या यादीसंबंधानें व ती लिहिणाऱ्या पुरुषासंबंधानें चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हीं योजिलें आहे.

मार्कसचा जन्म इ. स. १२१ च्या एप्रिल महिन्याच्या २६ व्या तारखेस रोम शहरीं झाला. त्या शतकांत आपल्या महाराष्ट्रांत पैठण ही सातवाहन राजांची राजधानी होती, एवढें सांगितलें म्हणजे काळाची कल्पना येईल. मार्कसचें घराणें श्रीमंत व मानाचें होतें. आजोबा तीन वेळां रोमचे कॉन्सल झाले होते; मातोश्री डोमिशिया ल्युसिला हिच्या मालकीचे रोमजवळ विटांचे व कौलांचे मोठे कारखाने होते. परंतु मार्कस सुमारें तीन वर्षांचा असतांनाच त्याचे वडील वारले, आणि या पोरक्या मुलाला आजोबांनीं वाढविलें. इतक्या लहान वयांत गेलेल्या वडिलांची त्याला कितीशी आठवण असणार? तरीहि लोकांकडून ऐकलेल्या त्यांच्या कीर्तीनें व जी कांहीं स्मृति उरली होती तिनें आपल्याला विनय व पुरुषार्थ शिकविला, असें त्यानें पुढें आपल्या यादींत नमूद केलें आहे.

घरच्या शिक्षणाची व्यवस्था उत्तम होती. पणजोबांनीं त्याला सार्वजनिक शाळेंत न पाठवितां घरींच चांगले शिक्षक ठेविले. अशा कामीं पैशाकडे पाहूं नये, ही गोष्ट मार्कस त्यांच्यापासून शिकला. आईची राहणी श्रीमंतांच्या डामडौलापासून दूर होती. हात मोकळा ठेवून द्यावें, आणि वाईट कृत्यच काय पण वाईट विचारहि मनांत येऊं देऊं नये, हें त्यानें तिच्या वागणुकींत पाहिलें. डायग्नेटस नांवाच्या शिक्षकानें त्याला क्षुल्लक छंदांत वेळ न दवडण्याची व मांत्रिकांच्या थापांवर विश्वास न ठेवण्याची संवय लाविली. अलेक्झांडर नांवाचा एक व्याकरणशिक्षक होता. कोणी अशुद्ध बोललें तर तो त्याला चारचौघांत टोचून बोलत नसे. आपल्या उत्तरांत तोच शब्द शुद्ध रूपानें योजून तो पुढें जाई. त्यायोगें बोलणाराची चूक सुधारे आणि त्याचा मानहि राही. व्याकरण शिकविणारांत ही दया विरळाच! मार्कसनें ती उतारवयांतहि लक्षांत ठेविली.

या सर्वांत आमचें लक्ष विशेष वेधून घेतो तो एक साधा सेवक. रोममधील श्रीमंत घरांत लहान मुलांस सांभाळून त्यांना वळण लावण्यासाठीं एक मनुष्य ठेवीत. तो बहुधा गुलाम किंवा गुलामगिरींतून मुक्त झालेला असे. मार्कसच्या यादींत या मनुष्याचें नांव नाहीं. वाढविणारा, एवढ्याच पदानें त्याचा उल्लेख आहे. रोमचे लोक त्या वेळीं रथांच्या शर्यतींनीं वेडे झालेले असत. हिरव्या व निळ्या रंगांच्या पक्षांवरून घराघरांत तट पडत. अशा कोणत्याहि तटांत सांपडूं नये, कष्ट सोसावे, गरजा थोड्या ठेवाव्या, आपलें काम आपल्या हातानें करावें व चहाडखोराला कान देऊं नये, हें सर्व या मनुष्यानें मार्कसच्या अंगीं बाणविलें. आजोबा, आई व वडील यांच्या पंक्तींत बादशहानें त्याला बसविलें आहे.

लहानपणापासून मार्कसचा स्वभाव गंभीर होता. वयाच्या १२ व्या वर्षीं त्याला तत्त्ववेत्त्यांच्या राहणीची ओढ लागली. त्यांच्यासारखें जाडेंभरडें वस्त्र पांघरून तो उघड्या जमिनीवर निजूं लागला. शेवटीं आईनें फार गळ घातली तेव्हां कुठें त्यानें कातडीं अंथरलेल्या बिछान्यावर निजण्याचें कबूल केलें. त्याच्या सत्यप्रियतेमुळें बादशहा हेड्रिअन याची त्याच्यावर मर्जी बसली होती. हेड्रिअनला पुत्र नव्हता. इ. स. १३८ मध्यें त्यानें अँटोनिनस पायस यास दत्तक घेतलें, आणि अट अशी घातली कीं अँटोनिनसनें मार्कस व लूशिअस या दोन मुलांस दत्तक घ्यावें. अशा रीतीनें वयाच्या १७ व्या वर्षीं मार्कस एका बलाढ्य राज्याचा वारस ठरला. ही वार्ता ऐकून त्याला आनंद होण्याऐवजीं धास्तीच वाटली, असें जुना चरित्रकार सांगतो. त्याच वर्षीं हेड्रिअन वारला, व पुढें २३ वर्षें अँटोनिनसनें राज्य केलें.

राजवाड्यांत गेल्यावरहि मार्कसचें अंतःकरण कोमल राहिलें. त्याला वाढविणारा वृद्ध गुरु वारला तेव्हां तो ओक्साबोक्शीं रडूं लागला. राजपुत्राला हें शोभत नाहीं असें वाटून दरबारी मंडळी त्याला आवरूं लागली. तेव्हां अँटोनिनसनें त्यांस थांबविलें, आणि याला मनुष्य राहूं द्या, तत्त्वज्ञान किंवा राज्यपद यांनीं माया आटत नाहीं, अशा अर्थाचा त्यांस बोध केला. हा अँटोनिनसच मार्कसचा सर्वांत मोठा गुरु होय. यादींत सर्वांत लांब टिपण माणसांपैकीं त्याच्याच नांवावर आहे. पहारेकरी, भरजरी पोषाख व मशालींचा थाट यांच्यावांचूनहि राजवाड्यांत राहतां येतें. दुसऱ्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतां येतें. ठरलेला निर्णय उगाच बदलूं नये. मित्रांचा कंटाळा करूं नये. हें सर्व मार्कसनें त्याच्याजवळ राहून पाहिलें. फार काय, डोकेंदुखीचा झटका येऊन गेला म्हणजे अँटोनिनस ताबडतोब ताजातवाना होऊन कामास लागे, एवढी लहान गोष्टहि त्यानें टिपून ठेविली आहे.

दुसरे दोन गुरु सांगण्यासारखे आहेत. वक्तृत्वाचा शिक्षक फ्राँटो याच्याशीं मार्कसचा मोठा पत्रव्यवहार होता. जुन्या चर्मपत्रांवरील दुसऱ्या मजकुराखालीं दडलेलीं हीं पत्रें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उजेडांत आलीं. एका पत्रांत राजपुत्र मार्कस द्राक्षांच्या तोडणीस गेला आहे, घामाघूम होऊन परत आला आहे, आणि आईच्या शेजारीं बसून गप्पा मारीत आहे, असें मोठें गोड चित्र दिसतें. दुसरा गुरु स्टोइक मताचा रस्टिकस. त्यानें मार्कसला आपल्या संग्रहांतील एपिक्टेटसच्या प्रवचनांची प्रत दिली. एपिक्टेटस हा एके काळीं गुलाम होता. भावी बादशहा एका गुलामाच्या विचारांचा शिष्य झाला, तो त्या एका पुस्तकामुळें. रस्टिकस स्पष्टवक्ता असल्यामुळें मार्कसला त्याचा पुष्कळदां राग येई. रागाच्या भरांत पुढें पश्चात्ताप व्हावा असें कांहीं आपल्या हातून घडलें नाहीं, याबद्दल मार्कसनें देवांचे आभार मानले आहेत.

इ. स. १६१ च्या मार्च महिन्यांत अँटोनिनस वारला. मरणाच्या दिवशीं पहारेकऱ्यांस परवलीचा शब्द म्हणून त्यानें समचित्तता हा शब्द दिला. मार्कस आतां ३९ वर्षांचा होता. गादीवर बसतांच त्यानें पहिली गोष्ट ही केली कीं, दत्तक भाऊ लूशिअस यास बरोबरीचा बादशहा केलें. रोमच्या इतिहासांत दोन बादशहा एकाच वेळीं समान अधिकारानें राज्य करूं लागले ते याच वेळीं प्रथम.

परंतु राज्यपदाबरोबर संकटांची माळच त्याच्या गळ्यांत पडली. टायबर नदीला मोठा पूर येऊन रोम शहराची हानि झाली व दुष्काळ पडला. पूर्वेकडे पार्थियन लोकांशीं युद्ध पेटलें, तें इ. स. १६६ पर्यंत चाललें. जय मिळाला खरा, पण परत येणाऱ्या सैन्याबरोबर एक भयंकर सांथ साम्राज्यांत शिरली. तिनें वर्षानुवर्षें धुमाकूळ घातला. प्रख्यात वैद्य गेलन यानें ती स्वतः पाहून तिचें वर्णन लिहून ठेविलें आहे. गरिबांच्या प्रेतांची व्यवस्थाहि सरकारी खर्चानें करावी लागली. इतक्यांत उत्तरेकडून मार्कोमॅनी, क्वाडी वगैरे टोळ्यांनीं डॅन्यूब नदी ओलांडून थेट इटालीवर चाल केली. खजिन्यांत पैसा उरला नव्हता. प्रजेवर नवे कर लादण्याऐवजीं मार्कसनें राजवाड्यांतील सोन्याचीं भांडीं, रत्नें, राणीचीं रेशमी व जरीचीं वस्त्रें ट्रेजनच्या चौकांत लिलावास मांडलीं. हा लिलाव दोन महिने चालला, असें सांगतात. आपली राहणी साधी ठेवावी हें आईपासून शिकलेला धडा त्यानें असा व्यवहारांत उतरविला.

घरांतहि सुख नव्हतें. इ. स. १४५ मध्यें अँटोनिनसची कन्या फॉस्टिना हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता. त्यांना किमान १३ मुलें झालीं. पण बापाच्या मृत्यूनंतर जगलेलीं पाहिलीं तर एक मुलगा व कांहीं मुली एवढींच. सात वर्षांचा एक मुलगा इ. स. १६९ मध्यें कानाखालील गांठीवर शस्त्रक्रिया केल्यावर वारला. बापानें पांचच दिवस शोक पाळला, आणि तो पुन्हां राज्यकारभारास लागला. त्याच वर्षीं लूशिअसहि वारला. मार्कसची स्वतःची प्रकृति नाजूक होती. छाती व पोट यांच्या विकारानें तो नेहमीं पीडलेला असे. लढाईची त्याला हौस नव्हती, तरी आयुष्यांतील शेवटच्या वर्षांपैकीं पुष्कळशीं त्याला डॅन्यूबच्या कांठीं, थंडींत, छावणींत काढावीं लागलीं.

तेथेंच तो आपल्यासाठीं टिपणें लिहूं लागला. तीं ग्रीक भाषेंत आहेत व त्यांचे १२ भाग आहेत. एके ठिकाणीं क्वाडी लोकांच्या मुलुखांतील ग्रॅन नदीचा व दुसऱ्या ठिकाणीं कार्नंटम येथील छावणीचा उल्लेख आहे. त्यावरून तीं कोठें लिहिलीं गेलीं हें कळतें. तीं प्रसिद्ध करण्याचा त्याचा हेतु दिसत नाहीं. पहिला भाग म्हणजेच आम्ही जिला ऋणवही म्हणतों ती यादी. तींत १७ कलमें आहेत. पहिलें आजोबांचें, मग वडील, आई, पणजोबा, वाढविणारा, गुरुजन, मित्र व अँटोनिनस, आणि शेवटचें देवांचें. मुलें दगावलीं होतीं, रोगराई चालू होती, नदीपलीकडे शत्रु होता. अशा वेळीं एखाद्यानें आपल्या दुःखांची यादी केली असती, तर त्याला कोण नांवें ठेवणार? मार्कसनें त्याऐवजीं आपण कोणाचें काय देणें लागतों, तें मांडलें. आपलें दुसऱ्याकडून येणें किती, याचें पान मात्र त्याच्या वहींत नाहीं. उपकार करणारानें वेलीप्रमाणें फळ देऊन मोकळें व्हावें, परतफेडीची वाट पाहूं नये, असेंच त्याचें मत होतें.

ही यादी वाचतांना तीन गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या. पहिली ही कीं, तींत धनदौलतीची मोजदाद जवळजवळ नाहीं. कोणी काय वस्तु दिली याकडे त्याचें लक्ष नसून, कोणाच्या अंगचा कोणता गुण आपल्याला पाहावयास मिळाला, तें तो लिहितो. आजोबांची शांत वृत्ति, व्याकरणशिक्षकाची दया, दुसऱ्या एका गुरूची वेळ नाहीं अशी सबब न सांगण्याची संवय, अशीं हीं कलमें आहेत. मोघम आभारापेक्षां हें कठीण आहे. कारण दुसऱ्याचा गुण नेमका सांगावयाचा तर त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलें असलें पाहिजे.

दुसरी गोष्ट, या यादींत खुशामत नाहीं. ज्या हेड्रिअनच्या योजनेमुळें राज्य मिळालें, त्याचें नांव तींत आढळत नाहीं. हेरोडीस अॅटिकस हा त्या काळचा अत्यंत धनाढ्य व नामांकित वक्ता मार्कसचा शिक्षक होता. तोहि तींत नाहीं. मोठ्या नांवांनीं यादी सजवावयाची असती, तर हीं दोन नांवें कोणी गाळलीं नसतीं. आणि निनांवी सेवक मात्र तेथें आहे.

तिसरी गोष्ट, यादींतील बहुतेक माणसें तेव्हां हयात नव्हतीं. आई, अँटोनिनस, फ्राँटो हीं गेलीं होतीं. त्यांना ही स्तुति कधींच ऐकूं जाणार नव्हती. आई अल्पायुषी ठरली, तरी तिच्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें आपल्याजवळ गेलीं, यांतच तो समाधान मानतो. कोणास मदत करावीशी वाटली असतां पैसा नाहीं असें म्हणण्याची पाळी आली नाहीं, आणि अशा दगदगींतहि शरीर इतकीं वर्षें टिकलें, हेंहि तो देवांच्या कृपेंत जमा धरतो. हयात असलेल्या गुरूंस मात्र त्यानें शब्दांवर भागविलें नाहीं. रस्टिकस यास त्यानें मोठीं पदें दिलीं, आणि दिवंगत गुरूंच्या सोन्याच्या प्रतिमा आपल्या देवघरांत ठेविल्या.

ही कृतज्ञता एका दिवसाची नव्हती. ती त्याच्या नित्यक्रमाचा भाग होती, हें पुढील भागांवरून दिसतें. सकाळीं उठतांच, आज आपल्याला उद्धट, कृतघ्न व मत्सरी माणसें भेटतील अशी तो मनाची तयारी करी, आणि तरीहि तीं आपलींच भावंडें आहेत असें स्वतःला बजावी. मन खिन्न झालें म्हणजे जवळच्या माणसांचे गुण एकेक करून आठवावे, हा त्याचा उपाय होता. जें आपल्याजवळ नाहीं त्याचा ध्यास घेण्यापेक्षां जें आहे तें नसतें तर आपण त्यासाठीं किती झुरलों असतों, याचा विचार करावा. मात्र त्यांत इतकें गुंतूं नये कीं तें गेलें असतां मन कोलमडेल. अलीकडे इ. स. २००३ मध्यें एमन्स व मॅक्कलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोग करून पाहिला. आपणांस ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी नियमानें लिहून काढणारांस, त्रासाच्या गोष्टी लिहिणारांपेक्षां आपलें जीवन अधिक समाधानाचें वाटलें, असें त्यांना आढळलें. मार्कसनें तो प्रयोग १८०० वर्षांपूर्वीं स्वतःवर केला होता.

अशा अभ्यासाचा उपयोग कसोटीच्या वेळीं दिसून येतो. इ. स. १७५ मध्यें मार्कस मेल्याची खोटी बातमी उठली, आणि पूर्वेकडील सेनापति ॲव्हिडिअस कॅशिअस यानें स्वतःस बादशहा म्हणविलें. ज्यानें बढती दिली त्याच्यावरच तो उलटला. तीन महिन्यांनीं त्याच्याच माणसांनीं त्याचा वध केला, व त्याचें शिर मार्कसकडे पाठविलें. मार्कसनें तें पाहण्याचें नाकारलें व त्याला मूठमाती देण्यास सांगितलें. बंडांत सामील असलेल्यांचीं पत्रें न वाचतांच जाळण्यांत आलीं, असें सांगतात. त्याच सुमारास पूर्वेच्या प्रवासांत फॉस्टिना वारली. तिच्या स्मरणार्थ त्यानें गरीब मुलींच्या पोषणासाठीं निधि ठेविला. पुढच्या वर्षीं अथेन्स येथें त्यानें तत्त्वज्ञानाच्या चार पंथांकरितां सरकारी वेतनावर अध्यापक नेमले. गुरूंचें ऋण पुढील पिढीस फेडण्याचीच ती रीत होती.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हा पुरुष निष्कलंक होता. तसें म्हणणें सत्यास सोडून होईल. ज्या रस्टिकसचे त्यानें इतके उपकार मानले, तोच रोमचा नगराधिकारी असतांना, सुमारें इ. स. १६५ मध्यें, जस्टिन नांवाचा ख्रिस्ती तत्त्ववेत्ता व त्याचे सोबती त्याच्यापुढें आणले गेले. त्यांनीं देवतांस बलि देण्याचें नाकारलें, म्हणून त्यानें त्यांस मृत्युदंड दिला. इ. स. १७७ मध्यें गॉल प्रांतांतील लिऑन्स शहरीं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. अधिकाऱ्यानें बादशहाचा हुकूम मागविला, आणि जे आपला धर्म सोडणार नाहींत त्यांस मारावें, असें उत्तर आलें, असा तेथील मंडळींच्या पत्रांत उल्लेख आहे. ९० वर्षांवरील पोथिनस नांवाचे बिशप मारहाणीनंतर तुरुंगांत वारले. ब्लँडिना नांवाची गुलाम मुलगी रंगभूमीवर पशूंपुढें टाकली गेली. ज्यानें एका सेवकाच्या उपकारांची आठवण आयुष्यभर जपली, त्याला ही दुसरी सेविका दिसली नाहीं. आपल्यावर ज्यांनीं उपकार केले त्यांच्यापुरताच त्याच्या ऋणवहीचा परिघ होता. त्यापलीकडील माणसें आपलींच भावंडें आहेत हें तो दररोज सकाळीं मनाशीं म्हणत असे. परंतु राज्याच्या जुन्या कायद्यापुढें तें म्हणणें लुळें पडलें.

दुसरी उणीव घरांतच होती. मुलगा कॉमोडस यास त्यानें उत्तम शिक्षक दिले, आणि इ. स. १७७ मध्यें बरोबरीचा बादशहा केलें. पण शिक्षक देतां येतात, त्यांच्याविषयींची कृतज्ञता देतां येत नाहीं. कॉमोडस विलासी व क्रूर निघाला, आणि इ. स. १९२ च्या शेवटच्या दिवशीं त्याचा खून झाला. मार्कसच्या आधींच्या चार बादशहांनीं योग्य पुरुष पाहून दत्तक घेतला होता. मार्कसनें तो क्रम मोडला, आणि त्याची किंमत राज्याला द्यावी लागली.

हें पाहण्यास मार्कस उरला नव्हता. इ. स. १८० च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस, डॅन्यूबकडील मोहिमेवर असतांना, वयाच्या ५८ व्या वर्षीं त्यानें देह ठेविला. मरणकाळीं रडणाऱ्या मित्रांस, माझ्यासाठीं रडण्यापेक्षां सांथीनें मरणाऱ्या इतक्या लोकांचा विचार करा, असें त्यानें सुचविलें, अशी कथा आहे. त्याचीं टिपणें शतकानुशतकें हस्तलिखितांत राहिलीं, व इ. स. १५५९ मध्यें झुरिच येथें प्रथम छापलीं गेलीं. त्याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा रोममध्यें आजहि आहे. जुन्या बादशहांचे बहुतेक ब्राँझचे पुतळे वितळविले गेले. हा वांचला तो मध्ययुगीन लोकांनीं त्याला पहिला ख्रिस्ती बादशहा कॉन्स्टंटाइन समजल्यामुळें. ज्यांना त्याच्या राज्यांत न्याय मिळाला नव्हता, त्यांच्याच धर्मबंधूंच्या हातून अजाणतां त्याच्या स्मारकाचें रक्षण व्हावें, हा एक विलक्षण योग होय.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, या चरित्रापासून आम्हांस जें सुचलें तें थोडक्यांत सांगून लेख पुरा करतों. या वर्षीं एखाद्या जुन्या वहीचें कोरें पान घ्यावें, आणि ज्यांनीं आपल्याला घडविलें त्यांचीं नांवें लिहावीं. नांवापुढें देणगी न लिहितां, त्यांच्यापासून आपण कोणती चांगली संवय उचलली, तें लिहावें. आजीचा शांत आवाज, गणिताच्या शिक्षकांनीं चौथ्यांदां समजावून सांगितलेलें उदाहरण, शाळेची घंटा वेळेवर देणाऱ्या शिपायाची नियमितता, वसतिगृहांत शेवटच्या मुलाचें पान वाढल्यावांचून न जेवणारी स्वयंपाकीण, या सर्वांस त्यांत जागा आहे. ज्याचें आपल्याला नांव ठाऊक नाहीं त्याला गाळूं नये, विचारून घ्यावें. नंतर त्याच पानाच्या खालच्या बाजूस थोडी जागा कोरी सोडावी, आणि ज्यांनीं आपल्यासाठीं कांहींच केलें नाहीं, ज्यांचा धर्म, भाषा किंवा वस्ती आपल्याहून वेगळी आहे, त्यांचें आपण काय देणें लागतों, याचा विचार करावा. मार्कसच्या वहींत हीच जागा भरावयाची राहिली.

आणि एक गोष्ट. मार्कसच्या यादींतील बहुतेकांस ती वाचतां आली नाहीं. आपल्या यादींतील पुष्कळ माणसें आज घरांत, शाळेंत किंवा शेजारीं वावरत आहेत. निकालाचा दिवस उजाडण्याची वाट न पाहतां त्यांच्यापैकीं एकाला तरी आज सायंकाळीं भेटावें, आणि आपण त्याच्यापासून काय शिकलों तें त्याला स्वतःच्या तोंडानें सांगावें.